खदानीच्या तोंडाशी थांबलेल्या मुली : भूमिगत कामाची बंदी आणि स्त्रियांचे तंत्रशिक्षण

बालाघाट शहराला लागून भरवेली येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. आमच्याकडे तिला खाण कोणी म्हणत नाही, खदान म्हणतात. उर्दूत खाणीला 'कान' असा फारसी शब्द आहे आणि खाणकामाला 'कानकनी'. वर्गात हा शब्द आला की मुली हमखास आपल्या कानाला हात लावून हसतात. या हसण्यातून एकदा एक प्रश्न निघाला होता. त्याचे योग्य उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. प्रस्तुत निबंध हा त्या उत्तराचा उशिरा केलेला शोध आहे.

मुलींनी विज्ञान व तंत्रज्ञानाकडे वळावे यासाठी त्यांना प्रेरणा द्यावी, असे आपण सभा-संमेलनांतून सतत ऐकतो. प्रेरणा हवीच. तथापि इतिहासाची पाने उलटली तर असे दिसते की, मुली पुष्कळदा प्रेरित होऊन दारापर्यंत आलेल्याच होत्या. दारावर एक नियम उभा होता. तो नियम कोणी केला, कोणासाठी केला आणि त्यात सूट देण्याची सोय होती की नव्हती, हे पाहणे आवश्यक आहे. भूमिगत खाणकामाच्या बंदीचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे आणि तो आपल्या प्रदेशाशी निगडित आहे.

पाटी आणि हातोडी

मध्य प्रांतातील मँगनीजच्या उद्योगाची सुरुवात १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून मानली जाते. पुढे तिची ब्रिटिश कंपनी झाली, १९६२ मध्ये सरकारी भागीदारीतून 'मॉइल' अस्तित्वात आली आणि १९७७ मध्ये उरलेले भागही सरकारने घेतले. पोलाद बनवायला मँगनीज लागते. त्यामुळे बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यातील काळा दगड थेट युरोपातील भट्ट्यांपर्यंत जात असे. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील एका विशिष्ट खडकाला त्यांनी 'गोंडाइट' हे नाव दिले. गोंड समाजाचे नाव जगाच्या भूशास्त्रात असे कायमचे बसले.

मात्र ज्या गोंड आणि इतर मजूर स्त्रिया हा दगड हातोडीने फोडत, खनिज आणि खडे वेगळे करत आणि पाट्या डोक्यावरून वाहत, त्यांना त्या दगडाची पारख असूनही त्या पारखीला विद्या असे कोणी म्हटले नाही. कोणता तुकडा जड, कोणता भुसभुशीत, कशात गारगोटी मिसळलेली आहे हे त्या हाताने सांगत. आपल्या गावातील वयस्कर बायांना आजही विचारून पाहावे. खनिजाची प्रत ओळखणे हे तंत्रज्ञानच आहे, फक्त त्याची सनद त्यांच्याकडे नव्हती.

कोळशाच्या खाणींत तर स्त्रिया जमिनीखालीही काम करीत. पुरुषाने कोळसा तोडायचा आणि त्याच्या घरच्या बाईने तो उचलून भरायचा, अशी जोडी असे. १९२० च्या सुमारास कोळसा खाणींतील मजुरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. खाली हवा कोंदट, उजेड नाही, अपघात नेहमीचे, आणि तान्ही मुलेही आईसोबत. ही स्थिती अमानुष होती यात शंका नाही. १९२९ मध्ये सरकारने भूमिगत कामास स्त्रियांना मनाई करणारे नियम केले. बंगाल, बिहार व मध्य प्रांतातील कोळसा खाणींना ही संख्या हळूहळू कमी करीत १९३९ पर्यंत शून्यावर आणण्याची मुभा होती. प्रत्यक्षात १९३७ मध्येच पूर्ण बंदी आली.

ही बंदी कायम राहिली असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये ती उठवण्यात आली. त्याचा आरंभ मध्य प्रांतापासून झाला, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अखिल भारतीय महिला परिषदेने या निर्णयास विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी ही तात्पुरती सोय असल्याचे सांगितले आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याच्या अटीकडे लक्ष वेधले. समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य होत आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या आरंभी, बंदी पुन्हा लागू झाली. समान मजुरीची चर्चाही तिच्यासोबत मागे पडली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. कोळशाची गरज पडली की स्त्री खाली चालते, गरज सरली की चालत नाही. संरक्षणाच्या भाषेत गरजेचा हिशेबही मिसळलेला होता.

कलम ४६ आणि त्यातील सूट

स्वतंत्र भारताचा खाण कायदा १९५२ मध्ये झाला. त्याच्या कलम ४६ नुसार स्त्रीला खाणीच्या जमिनीखालील कोणत्याही भागात कामावर ठेवता येत नव्हते आणि जमिनीवरील कामासही सकाळी सहा ते सायंकाळी सात हीच वेळ होती. मजूर स्त्रीच्या दृष्टीने हे कलम अन्यायाचे होते असे मी म्हणणार नाही. ज्या आईला पोटासाठी तान्हे मूल घेऊन अंधारात उतरावे लागत होते, तिच्यासाठी ते कवच होते. अडचण अशी की कलमाने सर्व स्त्रियांना एकाच मापाने मोजले. पाटी उचलणारी मजूर आणि नकाशा वाचणारी अभियंता यांत त्याने फरक केला नाही, कारण १९५२ मध्ये खाणीत उतरणारी स्त्री अभियंता कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेतच नव्हती.

येथे एक विलक्षण बाब समोर येते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९३५ मध्ये भूमिगत कामाविषयी ४५ क्रमांकाचा करार केला आणि भारताने १९३८ मध्ये त्यास मान्यता दिली. हा करारही स्त्रियांना खाली काम करण्यास मनाई करणाराच होता. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात देशांना काही सवलती ठेवण्याची मुभा होती. व्यवस्थापनाच्या पदावरील व अंगमेहनत न करणाऱ्या स्त्रिया, आरोग्य व कल्याणाचे काम करणाऱ्या स्त्रिया, आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रशिक्षणासाठी खाली उतरणाऱ्या विद्यार्थिनी यांना बंदीतून वगळता येत असे. म्हणजे विद्यार्थिनी खाणीत उतरू शकते हा विचार १९३५ मध्येच कागदावर आलेला होता! आपल्या कलम ४६ मध्ये तो उतरला नाही. एवढेच नव्हे, तर १९५२ च्या कायद्याच्या कलम ८३ मध्ये केंद्र सरकारला कायद्यातील तरतुदींपासून सूट देण्याचा अधिकार होता. किल्ली घरातच होती, ती कुलपाला लावून पाहिली गेली नाही.

परिणाम असा झाला की, कायद्याने मनाई केली होती नोकरीला, पण दार बंद झाले शिक्षणाचे. खाण अभियांत्रिकीचा अभ्यास खाली उतरल्याशिवाय पुरा होत नाही. उतरण्यास बंदी, म्हणून प्रवेशास बंदी. माहितीपुस्तिकांत 'केवळ पुरुष उमेदवार' ही ओळ येऊ लागली आणि पुढे ती इतकी सवयीची झाली की तिचे मूळ कोठे आहे हे विचारण्याचे कोणाला कारण उरले नाही.

प्रयोगशाळेतील अट

असाच नियम प्रयोगशाळेच्या दारावरही उभा राहू शकतो, आणि तेथे तर त्याला कायद्याचाही आधार लागत नाही. कमला सोहोनी यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म आज मध्य प्रदेशात असलेल्या इंदूरचा. मराठी वाचक त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत यांना अधिक ओळखतात. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल पारितोषिक मिळालेले. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे.

येथे घरच्या माणसांचा वाटा विसरता येत नाही. वडील आणि काका यांनी रामन यांची भेट घेऊन विनंती केली. ती मानली गेली नाही, तेव्हा या तरुणीने महात्मा गांधींच्या मार्गाने सत्याग्रह करण्याचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, या काळात नियमित विद्यार्थिनीचा दर्जा नाही. मार्गदर्शक सांगतील तसे रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिच्या उपस्थितीने संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट कोणत्याही पुरुष विद्यार्थ्याला घातली गेली नसती हे उघड आहे. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, आणि हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. रामन थोर होते, पण या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, असे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले. रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीला यामुळे बाध येत नाही, तसेच त्या थोरवीने हा दोषही झाकला जात नाही.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे आणि निःपक्षपाती होते. दूध, डाळी आणि शेंगांतील प्रथिनांवर त्यांनी कमलाबाईंकडून काम करून घेतले. १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झाली. वर्षभराचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले होते आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठी उघडले. १९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या. तेथे डेरिक रिश्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत काम करायला मेज दिले. नंतर रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असते आणि ऑक्सिडीकरणात त्याचा सहभाग असतो, हे त्यांनी दाखवून दिले. सुमारे चौदा महिन्यांत, केवळ चाळीसेक पानांच्या प्रबंधावर, १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञान शाखेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी मानल्या जातात.

वाचकांच्या मनात इंग्लंडचे फार उजळ चित्र असू नये म्हणून सांगावेसे वाटते की, ज्या केंब्रिजने त्यांचे काम गौरवले त्याच विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वाचा हक्क १९४८ मध्ये दिला. तोपर्यंत स्त्रीची पदवी ही नावापुरती पदवी होती. म्हणजे बंगळुरूत संस्थेतील प्रवेश अटींवर आणि केंब्रिजमध्ये खुद्द पदवीच अर्धी. काम तेवढे दोन्हीकडे पूर्ण होते.

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि नंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईच्या संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग होतो, असे त्या संशोधनातून दिसले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये ज्या नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शनाची संस्था मुंबईत काढली, त्यांतही त्या होत्या. भेसळ ओळखण्याच्या सोप्या रीती त्यांनी घरोघरच्या बायकांपर्यंत नेल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आले तरी ते एका ओळीत येते, आणि त्या ओळीत अटी नसतात.

नागपूरचा अर्ज

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आपली राजधानी नागपूर होती. राज्याची सीमा मध्ये आली तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या मुलांची शिक्षणासाठीची वाट आजही पुष्कळदा नागपूरकडेच वळते. त्याच नागपुरात खाण अभियांत्रिकीचे दार पहिल्यांदा हलले.

चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीची पदवी घ्यायची होती. मुलगी म्हणून प्रवेश मिळेना. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली आणि १९९६ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने त्यांना नागपूरच्या रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १९९९ मध्ये त्या पदवीधर झाल्या. देशातील पहिल्या स्त्री खाण अभियंता म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढे त्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात शास्त्रज्ञ झाल्या. अर्ज एका विद्यार्थिनीचा होता आणि कलम ४६ जागच्या जागी राहिले, त्यामुळे खाणीतली नोकरी तरीही बंदच होती. पदवी हातात आहे, काम खाली आहे आणि खाली उतरायला कायदा नाही म्हणतो, अशी ही स्थिती आणखी वीस वर्षे टिकली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. २००७ ची गोष्ट. वर्गात 'कानकनी' शब्दावर हशा झाला त्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिची आजी खदानीवर दगड फोडायची, वडील पंपावर पाळीने कामाला. तिने विचारले, "मॅडम, खदानीतला डिप्लोमा मुलींना करता येतो का? अब्बू म्हणतात, विचारून ये." घरचा विरोध नव्हता, हे लक्षात घ्यावे. आपल्या समाजातील मुली मागे राहिल्या की घराकडे बोट दाखवण्याची सवय सर्वांनाच आहे. येथे बापानेच मुलीला पाठवले होते. मी एका संस्थेची माहितीपुस्तिका मागवली. तीत 'केवळ पुरुष उमेदवार' असे छापलेले होते. मी ती ओळ तिला दाखवली आणि म्हटले, "बेटी, हे तुझ्यासाठी नाही. कॉम्प्युटर घे." तिने मान डोलावली. पुढे तिने बी.एस्सी. केले, आज ती एका खाजगी शाळेत गणित शिकवते आणि उत्तम शिकवते.

नागपूरचा निर्णय होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मला तो ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर तिला प्रवेश मिळालाच असता असा दावा मी करीत नाही. न्यायालयाची पायरी चढणे पंपावर काम करणाऱ्या माणसाला सोपे नसते. पण मी छापील ओळीला अंतिम मानले. भाषेची अध्यापिका असून मी ती ओळ नीट वाचली नाही, कारण ती कोठून आली हा प्रश्न मला पडला नाही.

२०१९ नंतर

२०१९ च्या आरंभी केंद्र सरकारने त्याच कलम ८३ चा आधार घेऊन कलम ४६ मधून सूट दिली. जमिनीवरील व उघड्या खाणींत रात्रीच्या पाळीत आणि भूमिगत खाणींत सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या व व्यवस्थापनाच्या कामावर स्त्रियांना नेमता येऊ लागले. सोबत अटी होत्या. स्त्रीची लेखी संमती हवी, किमान तिघींचा गट हवा, सुरक्षिततेची व सोयींची व्यवस्था हवी. कमलाबाईंना घातलेल्या अटी आणि या अटी यांतील अंतर मोजण्यासारखे आहे. तेव्हा वातावरण बिघडणार नाही याची हमी स्त्रीने द्यायची होती, आता वातावरण चांगले ठेवण्याची जबाबदारी मालकावर आली. २०२१ मध्ये झारखंडात आकांक्षा कुमारी या तरुणीने सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरी येथील भूमिगत कोळसा खाणीत अभियंता म्हणून काम सुरू केले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना संमतीने नेमता येईल असे तत्त्व घेतले. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९५२ चा खाण कायदा तिच्यात सामावला गेला.

तिघींच्या गटाची अट मात्र मला विचारात पाडते. हेतू चांगला आहे. परंतु एखाद्या खदानीत एकच मुलगी अभियंता झाली तर उरलेल्या दोघी कोठून आणायच्या? एकटीला घेणे गैरसोयीचे म्हणून तिलाही टाळले जाऊ शकते. म्हणजे खाणीच्या तोंडाशी सुटलेला प्रश्न पुन्हा आपल्या शाळेत येऊन बसतो. दहावीनंतर गणित आणि भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुली किती, उर्दू व मराठी माध्यमाच्या शाळांत प्रयोगशाळेचे कपाट वर्षातून किती वेळा उघडते, तालुक्याहून येणाऱ्या मुलीला वसतिगृह आहे की नाही, यावर तो गट जमणार आहे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतही खोदकाम आता जमिनीखाली गेले आहे. या जिल्ह्यात भूमिगत कामाची तांत्रिक पदे वाढतील तेव्हा त्यांसाठी अर्ज कोठून येतील, हे आज नववीत बसलेल्या मुलींवर ठरेल.

गेल्या वर्षी मी त्या जुन्या विद्यार्थिनीला भेटून नागपूरच्या खटल्याची हकिगत सांगितली आणि २००७ मधील माझ्या उत्तराबद्दल माफी मागितली. ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने २०१९ च्या अधिसूचनेची प्रत माझ्याकडून मागून घेतली. तिच्या शाळेत नववीच्या वर्गात भरवेलीच्या क्वार्टर्समधून येणाऱ्या चार मुली आहेत.